शाखेच्या दूरध्वनीची बेगमी

गेल्या श्रावणातल्या एका सायंकाळी, विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका रोगनिदान केंद्राच्या शाखेत, थोरल्या बहिणीच्या रक्ततपासणीचा अहवाल नेण्यासाठी मी बसलो असताना, काउंटरवरचे दोन, आतल्या प्रयोगशाळेतले दोन आणि व्यवस्थापकांच्या खोलीतला एक, असे त्या शाखेतले पाचही दूरध्वनी एकाच क्षणी मुके झाले. दिवे चालू होते, पंखे फिरत होते, संगणकांचे पडदे उजळलेले होते. बाहेर रस्त्याच्या कडेला खणलेल्या चरात मात्र जेसीबीच्या दातऱ्यात अडकून वर आलेली एक काळी केबल लोंबत होती आणि तिच्या तुटल्या टोकातून केसाएवढे बारीक काचेचे तंतू पावसाच्या भुरभुरीत भिजत होते. पाचेक मिनिटांनी प्रयोगशाळेतली एक तरुण मुलगी हातात कागदाचा चिटोरा घेऊन लगबगीने बाहेर आली. एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण धोक्याची रेषा ओलांडून गेले होते. असा आकडा हाती आला की अहवाल छापून होण्याची वाट न पाहता तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तत्काळ तोंडी कळवावा, हा प्रयोगशाळांचा जगभरचा दंडक आहे, कारण त्या क्षाराचे आधिक्य हृदयाची लय केव्हा बिघडवील याचा भरवसा नसतो. तिने रिसीव्हर उचलला. कानी काहीच आले नाही. दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर 'रजिस्टरिंग' एवढा एकच शब्द लुकलुकत होता.

"नेट गेलंय गं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"नेट जाऊ दे, पण फोनला काय झालं?"

"फोनपण नेटवरच असतो ना आता."

डॉक्टरांचा क्रमांक दूरध्वनीतल्या यादीत होता. पण ती यादी तरी दूरध्वनीत कुठे होती, तीही क्लाउडवरच होती. अखेर फायलीतल्या एका जुन्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा रबरी शिक्का सापडला, त्यावरचा पुसट झालेला क्रमांक उजेडाकडे धरून वाचला गेला आणि त्या मुलीने स्वतःच्या मोबाइलवरून निरोप पोचवला. उपचार वेळेवर सुरू झाले, हे मला नंतर कळले. पण चिटोरा बाहेर आल्यापासून निरोप पोचेपर्यंत जी वीस मिनिटे गेली, ती माझ्या मनातून जाईनात. आणि पुढचे दोन महिने, ज्यांना या विद्येतले कळते अशा माणसांच्या मागे लागून, मी त्या वीस मिनिटांचाच शोध घेत राहिलो.

पहिला दाखला मिळाला तो आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडून. तांब्याच्या तारेवरचा जुना दूरध्वनी वीज गेली तरी का चालत असे, हे त्यांनी मला ज्या ममतेने समजावून सांगितले, ती ममता आयुष्यभर एखादे काम मनापासून केलेल्या माणसाच्याच वाणीत असते. दूरध्वनी केंद्राच्या तळमजल्यावर शिशाच्या मोठाल्या बॅटऱ्यांची एक स्वतंत्र खोली असे. तिथून ४८ व्होल्टांचा एकदिश प्रवाह त्याच दोन तारांवरून प्रत्येक ग्राहकाच्या घरापर्यंत अखंड वाहत असे, आणि त्या प्रवाहावरच घरातले यंत्र बोलत आणि ऐकत असे. पेठेत अंधार झाला, तरी केंद्राच्या बॅटऱ्या आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले डिझेलचे जनित्र यांच्या जोरावर दूरध्वनी जागा राही. 'लाइन डेड' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करत आलो, त्याचे मूळ हेच; तारेत खरोखरच एक प्राण खेळत होता आणि तो गेला की कानाला लगेच कळत असे. काकांच्या बोलण्यात दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटली. जोडणी करणारी बुद्धी, मग ती ऑपरेटर बाईंची असो, स्ट्रौजर पद्धतीच्या खटखटणाऱ्या निवडकांची असो की पुढे आलेल्या संगणकीय केंद्राची असो, मैल-दोन मैलांच्या आत कुठेतरी नांदत होती. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे पहिली दूरध्वनी केंद्रे उघडली, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे ही स्थिती बदलली नव्हती.

कचेऱ्यांनी तर ती बुद्धी आणखी जवळ आणून ठेवली होती. जिन्याखालच्या कपाटात भिंतीला ठोकलेला ईपीएबीएक्सचा, म्हणजे कचेरीच्या खासगी दूरध्वनी केंद्राचा, करडा डबा, त्याच्या शेजारी क्रोनच्या पट्ट्यांवर दाबून बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या, नारिंगी-पांढऱ्या तारांच्या जोड्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली एक्सटेन्शनची यादी, हे चित्र पुण्यातल्या कुठल्याही बँकेत, शाळेत, कारखान्यात पाहायला मिळत असे. बाहेरच्या सगळ्या लाइनी बंद पडल्या, तरी रोखपालाला व्यवस्थापकाशी आणि व्यवस्थापकाला पहारेकऱ्याशी बोलता येत असे, कारण त्या बोलण्याचा हुकूम भिंतीवरच्या डब्यातूनच सुटत असे.

आता हा डबा गेला. तो उगाच गेला, असे मी म्हणणार नाही. शाखांची संख्या दहा-वीस झाली की तितक्याच डब्यांची देखभाल, प्रत्येकाचा वेगळा कंत्राटदार, सुट्या भागांसाठी वणवण, आणि एका शाखेतून दुसऱ्या शाखेत कॉल वळवायचा तर गिऱ्हाइकाला "दुसरा नंबर लिहून घ्या" असे सांगणे, हा सारा व्याप खरोखरच जिकिरीचा होता. २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरी बसून कचेरीच्या क्रमांकावर बोलू शकली, ती याच नव्या व्यवस्थेमुळे. म्हणून दूरध्वनीची सारी बुद्धी दूरच्या संगणकगृहात नेऊन ठेवणे हे व्यवहाराला धरूनच झाले. मात्र त्याचा अर्थ काय, हे त्या सायंकाळपर्यंत माझ्या नीट ध्यानी आले नव्हते. विश्रांतवाडीच्या शाखेतील काउंटरवरून पलीकडच्या भिंतीआड, बारा पावलांवर बसलेल्या माणसाला हाक मारायची, तर त्या हाकेचा अर्ज आधी मुंबईच्या, चेन्नईच्या किंवा समुद्रापारच्या एखाद्या इमारतीत दाखल व्हायचा, तिथे तो मंजूर व्हायचा आणि मग मंजुरीचा हुकूम परत येऊन भिंतीपलीकडची घंटी वाजायची. एरवी हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, म्हणून जाणवत नाही. वाट तुटली की मात्र शाखेकडे यंत्रे असतात, तारा असतात, माणसे असतात. नसतो तो केवळ अखत्यार.

मराठी मुलखाला ही अडचण नवी नव्हे. गडाचा किल्लेदार हुजुराच्या हुकमाचा ताबेदार असे, तरी पावसाळ्याची चार महिन्यांची बेगमी गडाच्या अंबारखान्यात भरलेली असल्याखेरीज आणि वेढा पडला असता काय करावे याचा अखत्यार आधीच ठरलेला असल्याखेरीज गड सोपवला गेला, असे कोणी मानत नसे. पेशवेकालीन पत्रांत जासुदांची 'जोडी' रवाना केल्याचे उल्लेख येतात. एकट्याला वाटेत काही झाले तरी निरोप मुक्कामी पोचावा, हा त्यातला हेतू उघड आहे. दूरध्वनीच्या शास्त्रात आज ज्याला शाखेची 'सर्व्हायव्हेबिलिटी' म्हणतात, तिचा गाभा या दोन गोष्टींत आला: शाखेत ठेवलेली बेगमी आणि निरोपाची दुसरी वाट.

ही बेगमी कशी भरतात, ते मला धानोरीत छोटा व्यवसाय करणाऱ्या एका तंत्रज्ञाने, त्या शाखेच्या मागच्या खोलीत, उघड्या रॅकसमोर उभे राहून दाखवले. शाखेत एक लहानसे यंत्र बसवतात. त्याला गेटवे म्हणतात. एरवी ते शांत असते. कोणता क्रमांक कोणाचा, कोणाला बाहेर बोलण्याची परवानगी, बाहेरचा क्रमांक फिरवताना आधी शून्य लावायचे की नाही, ही सगळी नोंद ते मधूनमधून क्लाउडकडून उतरवून घेते आणि आपल्याजवळ तिची नक्कल ठेवते. जुन्या भाषेत सांगायचे तर हुजूर दफ्तराच्या वहीची बरहुकूम प्रत शाखेत राहते. टेबलावरचा प्रत्येक दूरध्वनी ठरावीक अंतराने क्लाउडला हाक देत असतो आणि तिकडून 'ओ' आली की निर्धास्त होतो. एका प्रचलित पद्धतीत ही हाक दर तीस सेकंदांनी जाते. लागोपाठ तीन हाकांना ओ मिळाली नाही की दूरध्वनी मालक बदलतो आणि शेजारच्या गेटवेकडे आपली नोंदणी करतो. मिनिट-दोन मिनिटांत पडद्यावर पुन्हा क्रमांक उमटतात. गेटवेला स्थानिक कंपनीची एक पीआरआय, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल वाहणारी लाइन, किंवा लहान शाखा असेल तर दोन-चार साध्या लाइनी, जोडलेल्या असतात. त्यांतून बाहेरचा कॉल जातो आणि त्यांच्यावर आलेला आतही येतो. रांगेत उभ्या कॉलला संगीत ऐकवणे, ध्वनिमुद्रित निरोप ठेवणे, साऱ्या संस्थेची नामावली शोधणे, हे ऐश्वर्य त्या अवधीत मिळत नाही. पण काउंटरवरून प्रयोगशाळेला आणि प्रयोगशाळेतून डॉक्टरांना बोलता येते, आणि त्या सायंकाळी तेवढेच तर हवे होते.

ही कल्पना आपल्या मातीत किती आधी रुजली होती, हे मी काकांना विचारले तेव्हा त्यांनी कित्तूरचे नाव घेतले. बेळगाव जिल्ह्यातल्या त्या गावी १९८६ साली सी-डॉट या संस्थेने घडवलेले पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र सुरू झाले. सी-डॉटची स्थापना १९८४ ची. सॅम पित्रोदांच्या आग्रहाखातर तिथल्या तरुण अभियंत्यांनी वातानुकूलनाची गरज नसलेले, धुळीत आणि उन्हात टिकणारे, १२८ जोडण्यांचे एक छोटे केंद्र तयार केले आणि पुढे तसली केंद्रे खेडोपाडी पसरली. त्यांचे खरे मोल माझ्या मते स्वस्ताईत जितके होते, त्याहून अधिक स्वायत्ततेत होते. तालुक्याकडे जाणारी तार वादळात तुटली तरी गावातल्या गावात बोलणे थांबत नसे, कारण गावच्या जोडणीची बुद्धी गावातच होती. पुढे शहरांतल्या मोठ्या डिजिटल केंद्रांनी आपली दूरस्थ एकके उपनगरांत बसवली, तेव्हाही मुख्य केंद्राशी दुवा तुटल्यास आपापल्या ग्राहकांना आपसांत जोडून देण्याची सोय अनेक एककांत राखलेली असे. त्या पिढीच्या अभियंत्यांनी तुटलेली तार हा अपवाद मानला नाही. ती तुटणारच हे गृहीत धरून त्यांनी आराखडे काढले. क्लाउडच्या पहिल्या उत्साहात हे गृहीत आपण विसरलो आणि आता ते गेटवेच्या रूपाने महागात पुन्हा विकत घेत आहोत.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक शाखांची फसगत याच ठिकाणी होते. शाखेपर्यंतची वाट तुटणे निराळे आणि क्लाउडच कोसळणे निराळे. पहिल्या प्रकारात क्लाउड जागा असतो. बाहेरून शाखेच्या क्रमांकावर येणारा कॉल त्याच्या दारापर्यंत पोचतो आणि शाखा सापडत नाही असे पाहून माघारी फिरतो. आधीच एक ओळ लिहून ठेवली असेल की शाखा गैरहजर असल्यास अमुक मोबाइलवर कॉल वळवावा, तर तो कॉल वाया जात नाही. ही तरतूद करायला गेटवे लागत नाही, पैसाही जवळजवळ लागत नाही. पाच माणसांच्या लहान कचेरीला तेवढी पुरते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्या रोगनिदान केंद्रात ती ओळ लिहिलेली नव्हती, एवढेच. दुसऱ्या प्रकारात मात्र हुजूर कचेरीच बंद पडलेली असते. तिथे नोंदलेला क्रमांकही बंद आणि तो वळवण्याचा हुकूमही बंद. गेटवे असला तरी अशा वेळी शाखेतून बाहेर बोलता येते, पण पाट्यांवर, चिठ्ठ्यांवर आणि गिऱ्हाइकांच्या स्मरणात जो क्रमांक आहे, तो फिरवणाऱ्याला शाखा लागत नाही. त्याला एकच इलाज: ज्याची लाइन थेट शाखेतल्या गेटवेत येऊन पडते, असा एखादा स्थानिक क्रमांक जिवंत ठेवणे, आणि तो डॉक्टरांना, रुग्णालयांना, मुख्य कचेरीला आधीच कळवून ठेवणे.

क्लाउड कोसळतच नाही, अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. २५ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यात एका राउटरचा पत्ता बदलताना दिलेल्या आज्ञेचा परिणाम साऱ्या जाळ्यावर पसरला आणि टीम्सवर बोलणारी भारतासकट जगभरची कार्यालये काही तास खोळंबली. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टस या कंपनीचे जाळे बंद पडले, तेव्हा सुमारे एक कोटी ग्राहकांचा संपर्क तुटला आणि २,१४५ माणसांना त्या देशाचा आणीबाणीचा क्रमांक लागू शकला नाही, असे तिथल्या नियामकाने चौकशीअंती नमूद केले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सर्व दालने सुमारे सहा तास अंधारली, त्या प्रसंगातली एक गोष्ट तर प्रत्येक शाखेच्या व्यवस्थापकाने ध्यानात ठेवावी अशी आहे: दुरुस्तीला निघालेल्या अभियंत्यांची स्वतःची साधनेही त्याच कोसळलेल्या जाळ्यावर अवलंबून होती, आणि इमारतींच्या दारांचे पासदेखील. मी त्या तंत्रज्ञाला विचारले, की या गेटवेचा पासवर्ड आणि जोडणीचा नकाशा कुठे आहे. तो क्षणभर थांबला. "क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये," तो म्हणाला, आणि त्याच दिवशी त्याने दोन्ही कागदांवर छापून, सीलबंद पाकिटात घालून, व्यवस्थापकांच्या तिजोरीत ठेवले.

तुटणे आणि कोसळणे यांच्या मधली एक तिसरी अवस्था आहे, आणि अनुभवी माणसे तिलाच अधिक भितात. वाट पुरती तुटलेली नसते. ती धुकट झालेली असते. दूरध्वनीच्या हाकेला क्लाउडची ओ येते, म्हणून गेटवे निश्चिंत राहतो. पण माणसाचे बोलणे मात्र तुकड्यातुकड्याने पोचते, एका बाजूचे ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूचे नाही, "हॅलो, हॅलो" म्हणत दोघेही रिसीव्हर ठेवतात. यंत्राच्या हिशेबी सारे क्षेमकुशल असते. अशा वेळी यंत्राच्या निर्णयाची वाट न पाहता शाखेतल्या कोणीतरी वाट हाताने तोडून गेटवेला कामाला लावावे लागते, आणि ते कोणी करावे हे नावानिशी ठरलेले नसेल, तर कोणीच करत नाही. उलट, वाट दुरुस्त झाल्याबरोबर सारे दूरध्वनी घाईने क्लाउडकडे परतले आणि ती पुन्हा तुटली, की चालू संभाषणे दर पाच मिनिटांनी कापली जातात. म्हणून परतण्यापूर्वी काही काळ थांबून वाट टिकते का ते पाहण्याची मुदत गेटवेला घालून द्यावी लागते. रात्रीच्या पावसाने ओढ्याचे पाणी ओसरले, तरी गावकरी लगेच गाडी घालत नाहीत, त्यातलाच हा शहाणपणा.

विजेची गोष्ट याहून साधी आहे आणि म्हणूनच अधिक वेळा विसरली जाते. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे तांब्याबरोबर दूरध्वनी केंद्राच्या बॅटऱ्यांचे छत्रही गेले आणि दूरध्वनी जागा ठेवण्याची जबाबदारी कोणी न सांगता ग्राहकाच्या शिरावर आली. ब्रिटनने तांब्याचे जुने जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले होते. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातल्या मदतीच्या घंट्या त्याच तारांवर चालतात, हे लक्षात आल्यावर ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबवावी लागली. आपल्याकडे हा बदल शांतपणे, मुदतीच्या चर्चेवाचून होत आहे. विश्रांतवाडीच्या त्या शाखेत दूरध्वनींना वीज पुरवणारा स्विच यूपीएसवर होता, गेटवेसाठीही तशीच जागा राखलेली होती. पण काचेच्या तंतूतला प्रकाश उतरवून घेणारा ओएनटीचा छोटा पांढरा डबा पाण्याच्या कूलरशेजारच्या साध्या सॉकेटात लावलेला होता, कारण बसवायला आलेल्या मुलाच्या हातातली वायर तिथपर्यंतच पुरली होती.

दुसऱ्या वाटेबद्दलही असेच. "आमच्याकडे दोन कंपन्यांचे इंटरनेट आहे," असे व्यवस्थापकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि ते खरे होते. पण दोन्ही कंपन्यांच्या केबली इमारतीच्या फाटकापासून चौकापर्यंत एकाच चरातून गेल्या होत्या. जेसीबीच्या एकाच घावात दोन्ही तुटल्या. जासुदांची जोडी पाठवली खरी, पण दोघांना एकाच होडीत बसवले. दुसरी वाट खरी दुसरी हवी असेल तर ती एका बाजूने जमिनीतून आणि दुसऱ्या बाजूने आकाशातून, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यावरून यावी, हे सयुक्तिक आहे. तरीही या भागात राहणाऱ्याला त्यातली एक मर्यादा ठाऊक आहे. ज्येष्ठात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघी, कळस ओलांडून विश्रांतवाडीवरून पुण्याकडे सरकते, तेव्हा या रस्त्यावर टाळमृदंगांचा जो महासागर लोटतो, त्यात शेजारी उभ्या माणसाचा मोबाइलही लागेनासा होतो, हा मी दरवर्षी घेतलेला अनुभव आहे. नेमक्या त्याच दिवशी, एखाद्या वारकऱ्याला भोवळ यावी आणि शाखेला रुग्णवाहिका बोलवावी लागावी, हे अशक्य कोटीतले नाही. म्हणून मोबाइलच्या भरवशावर स्थानिक लाइन काढून टाकणे मला मान्य नाही.

रुग्णवाहिकेच्या निमित्ताने एक बारकावा सांगितला पाहिजे. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि ११२ हा सर्व आणीबाणींसाठीचा एकत्रित क्रमांक आता साऱ्या देशाचा आहे. पण हे कॉल ज्या लाइनीतून बाहेर पडतात, त्या लाइनीच्या मुलखातल्या नियंत्रण कक्षात जातात. मुख्य कचेरी बंगळूरला आणि बाहेर पडण्याची लाइनही तिथलीच असेल, तर विश्रांतवाडीतून फिरवलेला १०८ कानडी मुलखात उचलला जाण्याचा संभव आहे. शाखेतल्या गेटवेला दिलेली स्थानिक लाइन ही त्या दृष्टीने अडचणीतली सोय तर आहेच, पण आणीबाणीचे कॉल बारा महिने, तेरा काळ तिच्यातूनच सोडावेत, असे जाणकार सांगतात. कायद्याचेही भान ठेवावे लागते. १८८५ च्या तार अधिनियमापासून चालत आलेली आणि आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या छायेत आलेली आपली व्यवस्था, कंपनीच्या खासगी जाळ्यावरून आलेले परगावचे कॉल चोरवाटेने स्थानिक लाइनीत सोडू देत नाही. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांवरचे निर्बंध पुष्कळ सैल केले, तरी गेटवेची मांडणी करणाऱ्याने परवानाधारक कंपनीशी लेखी खातरजमा करून घेतलेली बरी.

गेटवे त्या शाखेत आश्विनाच्या आरंभी बसला. तो बसवल्यावर चाचणी घ्यावी की नाही, यावर थोडा खल झाला. "चालू असलेली वस्तू मुद्दाम कशाला बंद करायची?" असे एका वडीलधाऱ्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते, त्यामागचा जपून वागण्याचा स्वभाव मला कळतो, पण न तपासलेली बेगमी ही कागदावरची बेगमी असते, हे तंत्रज्ञाने त्यांना आदराने पटवून दिले. रविवारी सकाळी, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर, सर्वांसमक्ष त्याने राउटरच्या पाठीमागची केबल उपसली. पाचही पडद्यांवर 'रजिस्टरिंग' हा शब्द आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळ्यांचे डोळे लागले. एक मिनिट गेले. दीड मिनिट होत असताना प्रयोगशाळेतला दूरध्वनी आधी जागा झाला, मग काउंटरवरचे दोन, मग दुसरा प्रयोगशाळेतला. व्यवस्थापकांच्या खोलीतला मात्र जागा होईना; कारण शोधता असे निघाले की तो यंत्र बदलून नवा आणलेला होता आणि त्याच्या पोटात गेटवेचा पत्ता कोणी भरलाच नव्हता. तो भरला. मग तंत्रज्ञाने, कोणाला न सांगता, भिंतीवरचा मुख्य विजेचा खटका खाली ओढला. ओएनटीचा पांढरा डबा कूलरशेजारून आता यूपीएसकडे नेलेला होता, तरी त्याच्याकडे सगळ्यांनी एकदा वळून पाहिले; त्याचा हिरवा दिवा तेवत होता.

त्या तरुण मुलीला त्याने बोलावले आणि ज्या डॉक्टरांच्या शिक्क्याने त्या सायंकाळी निभावून नेले होते, त्यांच्या दवाखान्याचा क्रमांक तिला फिरवायला सांगितला. आता तो काउंटरच्या काचेखाली, वीस डॉक्टरांच्या मोठ्या अक्षरांतल्या यादीत पहिला होता. पलीकडे घंटी वाजली. तिने आपले नाव, शाखेचे नाव सांगितले, "सर, हा फक्त चाचणीचा कॉल आहे, आमचा हा दुसरा नंबर लिहून ठेवा" असे म्हटले आणि क्रमांक दोनदा, एकेक आकडा सुटा करून, सांगितला. रिसीव्हर ठेवल्यावर काउंटरवरच्या बाईंनी भिंतीवरचे कालनिर्णय खाली घेतले, पौष महिन्यातला एक रविवार शोधून त्याच्याभोवती लाल पेनाने गोल काढला, आणि त्या गोलात, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरांत, 'वायर काढणे' असे लिहिले.